शेवटच्या पानावरचा कोरा रकाना

दुकानाला आठवड्याची सुट्टी होती, म्हणून शटर कमरेइतकंच वर केलेलं होतं. काउंटरवर दोन अंदाजपत्रकं शेजारी शेजारी ठेवली होती. एक नव्या लेथ मशीनचं, एका पानाचं. दुसरं वेबसाइटचं, चौदा पानांचं बाड. दोन्हींचा शेवटचा आकडा जवळजवळ सारखाच होता, आणि यंदा दुकानाच्या गाठीला जे होतं ते दोघांपैकी एकालाच पुरणार होतं. वर पंखा चालू होता, म्हणून दादांनी दोन्हींवर एकेक कात्री ठेवली. दोन्ही कात्र्या एकाच मापाच्या. थोरल्या भावाने समदृष्टीने वागावं याचा त्यांना जन्मभर सराव होता, आणि त्या सरावाचा त्रास घरातल्या बहुतेकांनी भोगला होता.

"बसा सगळे," दादा म्हणाले.

सगळे आधीच बसले होते. दादांची लेक आतल्या वर्कशॉपच्या दारात लाकडी खोक्यावर, हाताचं तेल तसंच. काकू गिऱ्हाइकांच्या बाकावर, पर्स मांडीवर धरून. तीन वर्षांपूर्वी दादांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा दुकानाची त्याची अर्धी पाती तिच्या नावावर आली होती. तिचा मुलगा तेवढा उभा होता. त्याला घरात मास्तर म्हणत, कारण सहा वर्षांचा असताना त्याने आजोबांना, म्हणजे अप्पांना, बॉबिन कशी भरायची ते शिकवायला घेतलं होतं. आता तो एकोणतीस वर्षांचा होता आणि अजून शिकवतच होता.

आत्या आपल्या स्टुलावर होती. दादा आणि गेलेला धाकटा यांच्यामधली ही बहीण. गेली बेचाळीस वर्षं ती त्याच स्टुलावर बसत आली होती. तिच्या पाठीमागे भिंतभर खण होते, अकराशे चाळीस. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला. शिलाई मशीनचा जो सुटा भाग कुठेच मिळत नाही तो इथे मिळतो, अशी दुकानाची ख्याती अप्पांपासून होती.

"मी आधीच सांगते, मला लेथ हवंय," लेक म्हणाली. "जुन्याचा दांडा डगडगतो. गेल्या महिन्यात अकरा नग कातले, त्यातले चार फेकले."

"लेथ दिसतं तरी," दादा म्हणाले. "हात लावता येतो. विकायची वेळ आली तर चार पैसे परत येतात. हे तुझं," त्यांनी बाडाकडे मान हलवली, "हे उद्या कुणाला विकणार?"

"काका, ही विकायची वस्तूच नाही. ती विकून देणारी आहे."

"मागचीही तशीच होती ना?"

मागचीचा विषय निघणार हे मास्तर अंघोळ करतानाच धरून चालला होता, तरी त्याचे कान तापले. सात महिन्यांपूर्वी त्याने हट्टाने एक स्वस्तातली वेबसाइट करून घेतली होती. एका मित्राच्या मित्राने दोन आठवड्यांच्या गल्ल्यात बनवून दिली. फोटो काढायचे वेगळे पडतात म्हणून फोटो नाहीत, नुसती यादी. अप्पांच्या वहीतून अकराशे चाळीस नावं त्याने स्वतः उतरवली, नऊ रात्री जागून. आणि सात महिन्यांत तिच्यावरून एक ऑर्डर आली नाही. एकाने चौकशी केली होती, तीही दुकान भाड्याने द्यायचंय का म्हणून.

"आता त्याच्या सातपट खर्चायचे म्हणतोस," दादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. "नाकापेक्षा मोती जड होतोय, बाबा."

"तुमचं काय म्हणणं?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी पर्सची चेन थोडी उघडली आणि परत लावली. काल संध्याकाळी त्यांनी दादांना फोनवर सांगून टाकलं होतं की मी लेथच्या बाजूने आहे. मुलगा एकदा तोंडावर पडलेला होता. दुसऱ्यांदा पडला तर या घरात त्याचं कुणी ऐकणार नाही, त्यापेक्षा आजच हरलेला बरा. आईचा हिशेब होता, तो मुलाला कसा सांगणार?

"लेथ पण गरजेचंच आहे," काकू म्हणाल्या.

मास्तरने आईकडे पाहिलं. तिने फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"आणि मागची साइट बंद थोडीच पडलीय?" दादा पुढे म्हणाले. "चालते का नाही ते बघू तरी. आण तो फोन."

मग फोन हातोहात फिरला. दादांनी चष्मा वर करून टाइप केलं आणि तीन सेकंदांत त्यांना हवा तो भाग समोर आला. "ही बघ. किती सोपं." लेकीने शोधलं, तिलाही मिळालं. काकूंना मशीनमधलं काही कळत नसे, पण नवऱ्याच्या तोंडून ऐकलेली दोन-तीन नावं पाठ होती. त्यांनी घातली, मिळाली. फोन सगळ्यांना कसा आज्ञाधारक वाटला.

"मग हिला काय धाड भरलीय?" दादा म्हणाले. "लोकांनाच नको असेल तर सोन्याची केलीस तरी काय उपयोग?"

याचं उत्तर आत्याकडे असावं, असं लेकीला वाटून गेलं, कारण आत्या खाली बघून हसल्यासारखी दिसली. पण तेवढ्यात शटरवर कुणीतरी थाप मारली.

"बाई आहेत का?" म्हणत एक माणूस वाकून आत आला. गाड्यांच्या सीटा शिवणारा होता, पलीकडच्या गल्लीतला. हातात रुमालाची पुरचुंडी. "सुट्टी आहे माहितीय, पण मशीन बंद पडलं. उद्या सकाळी दोन गाड्या द्यायच्यात."

आत्याने हात पुढे केला, पण मास्तर मध्ये आला. त्याला काहीतरी सुचलं होतं. "एक मिनिट थांबा. समजा आमचं दुकान लांब आहे. या फोनवर शोधून बघा ना, काय हवंय ते."

सीटवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं, हे लोक सुट्टीच्या दिवशी काय खेळ मांडून बसलेत म्हणून, आणि बोटाने टाइप केलं. शटल.

काही आलं नाही.

"शटल नाही तुमच्याकडे?"

"चाळीस प्रकारचे आहेत," लेक म्हणाली.

"इथे तर नाही म्हणतोय." त्याने यादी खालीवर सरकवली. त्याच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या. "उंदीर, मोठा. उंदीर, लहान. उंदीर, डावखुरा. भांडखोर जावा, जोडी. मौनीबाबा. हे काय आहे? दुकान बदललं का तुमचं?"

मास्तरने फोन परत घेतला आणि यादी वरून खाली वाचली.

अप्पांनी पन्नास वर्षांपूर्वी गंमत म्हणून ठेवलेली नावं होती ती. शटल मशीनच्या पोटात सारखा इकडून तिकडे पळतो, म्हणून तो उंदीर. एकमेकींना खात खात झिजणारी दोन दातेरी चाकं, त्या भांडखोर जावा. गंजला की ढिम्म न हलणारा खटका, तो मौनीबाबा. या घरातली पोरं 'आई' म्हणायच्या आधी 'उंदीर' म्हणायला शिकली होती. ही नावं जगात दुसऱ्या कुणाला माहीत नाहीत हे अकराशे चाळीस ओळी उतरवताना मास्तरच्या डोक्यात आलं नाही, आणि सात महिन्यांत ती यादी पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या दादांच्याही नाही.

पहिल्यांदा लेक हसली. मग काकू, पदर तोंडाला लावून. दादांनी बराच वेळ गांभीर्य टिकवून धरलं, पण 'उंदीर, डावखुरा' हे त्यांनी मनात परत म्हणून पाहिलं आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. मास्तर तेवढा हसला नाही. मग तोही हसला. सात महिन्यांचं ओझं असं एकदम खाली ठेवता येतं हे त्याला माहीत नव्हतं.

"काखेत कळसा," दादा डोळे पुसत म्हणाले. "अरे मग तीच सुधार. नावं बदल, झालं. फुकटात काम."

"झालं?" आत्या म्हणाली. तिचा हा पहिलाच शब्द होता.

तिने रुमाल सोडला. आत शटलच होता, टोक मोडलेला. तिने तो उजेडात धरला नाही. अंगठ्याने आतल्या कडेवरून सावकाश फिरवून पाहिला, एकदा, परत एकदा.

"मशीन ठोके दिल्यासारखं वाजत होतं का?"

"महिनाभर."

"सुया मोडत होत्या?"

"रोज दोन-तीन. मला वाटलं सुयाच हलक्या आल्यात."

"सुई येऊन याच्यावर आपटत होती. आतल्या बाजूला खरचटलंय बघा, हात लावा. सुईची दांडी जिच्यात वरखाली होते ती नळी झिजलीय, म्हणून दांडी हलते. नुसता शटल नेलात तर महिन्याभरात हाच रुमाल घेऊन परत याल." ती उठली, मागे न बघता दोन खण ओढले आणि दोन पुड्या बांधून दिल्या. "आधी नळी बदला. मग हा बसवा."

सीटवाला पैसे देऊन, वाकून बाहेर गेला. जाताना "बाई आहेत म्हणून" एवढंच म्हणाला, आणि पुढचं वाक्य कुणी विचारलं नाही.

"हेच," मास्तर म्हणाला. आता तो शिकवत नव्हता, घाईघाईने बोलत होता. "काका, नावं बदलली असती तर त्याला शटल मिळाला असता. आणि तो परत मोडला असता, आणि त्याने लोकांना सांगितलं असतं की यांचा माल खराब. हे बाड बनवणारी वेबसाइटवाली दोन दिवस त्या बाकावर का बसून होती? तिने मोजलं. दहातल्या सात गिऱ्हाइकांना आपल्याला काय हवंय ते माहीतच नसतं. म्हणून तिने लिहिलंय, लोक फोटो पाठवतील, मशीन काय शिवतं, आवाज कसा येतो ते सांगतील आणि आपण उत्तर देऊ. आणि प्रत्येक उत्तर साठत जाईल. पैसे त्याचे आहेत. यादीचे नाहीत."

दादांनी बाडावरची कात्री उचलली. "आपण उत्तर देऊ म्हणजे कोण देणार?"

"आत्या."

"अर्थातच," दादा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. "मग हे बरं आहे. माणूस काही बाहेरून आणायला नको."

"तेच लिहिलंय तिनेही," आत्या म्हणाली. "शेवटच्या पानावर."

दादांनी पान उलटलं. ते तिसऱ्या पानापर्यंतच वाचत आले होते, कारण आकडा तिसऱ्या पानावर होता. चौदाव्यावर एक तक्ता होता. फोटोग्राफर, इतके दिवस, इतके पैसे. प्रोग्रॅमर, इतके महिने, इतके पैसे. सगळ्यात खाली: जाणकार व्यक्ती, रोज चार तास, दोन वर्षं. तिच्यापुढचा पैशांचा रकाना कोरा. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दुकानाकडे आहेच.'

"मी हे आठ वेळा वाचलं," आत्या म्हणाली. "ती बाई चांगली आहे. तिने मनापासून काम केलंय. जाताना मला म्हणाली, दोन वर्षांत तुमच्या डोक्यातलं सगळं यात उतरेल, मग तुम्हाला आराम. मला तेव्हापासून झोप नाही."

"अगं, चांगलंच आहे की. वय झालं आता."

"सगळं उतरवून झाल्यावर मी कुठे बसू, दादा?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"काय म्हणून?"

दादांना प्रश्न कळला नाही असं नाही. कळला, आणि तो आजवर कुणी विचारला नव्हता एवढंच. "तू घरची आहेस," ते म्हणाले. "घरच्या माणसाला काय म्हणून लागतं?"

आत्याला भांडायचं नव्हतं. भांडायचं वय होतं तेव्हा ती आईच्या अंथरुणापाशी बसून होती, आणि नंतर या स्टुलावर. तिला खायला-ल्यायला काही कमी पडलं नव्हतं. मागितलं ते मिळालं होतं. पण मागावं लागलं होतं. पंधरा दिवस तिला एकच भीती सतावत होती, की आपल्या अंगठ्यातलं सगळं एकदा त्या वेबसाइटमध्ये गेलं की उरलेला अंगठा फक्त जेवायला. असं कुणाला सांगायचं तर ते हावरटपणाचं वाटतं, म्हणून ती गप्प होती.

"मी पण घरचीच आहे, भाऊजी," काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. काकू दुकानाच्या बैठकीत आपणहून कधी बोलत नसत.

"हे गेले, आणि त्यांची अर्धी पाती माझ्या नावावर आली. तेव्हा तुम्ही म्हणाला नाहीत की घरच्या माणसाला काय करायचीय. मला या भिंतीतला उंदीर आणि जावा सोडून एक भाग ओळखू येत नाही. तरी दर वेळी सही लागते ती माझी. वन्सं इथे बेचाळीस वर्षं बसल्यात आणि त्यांची सही कशावरच नाही. मला बाकावर बसून ते दिसतं. मी बोलत नाही, ते वेगळं."

"अप्पांनी कागद केला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती," दादा म्हणाले. "लग्न होऊन जाईल म्हणून..."

"झालं का?" आत्याने शांतपणे विचारलं.

"नाही."

"मग कागद परत का नाही केला?"

दादा कात्रीची पाती उघडमीट करत राहिले. खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं. तिने कधी मागितलं नाही, म्हणून केला नाही. इतकं स्वस्त कारण. अकराशे चाळीस खणांची किंमत त्यांना तोंडपाठ होती, आणि जिच्या भरवशावर ते खण उघडत होते तिचा रकाना त्यांनीही कोराच ठेवला होता. वेबसाइटवालीने फक्त तो छापला. दादांना लाज वाटली. अशी लाज त्यांना फार वर्षांत वाटली नव्हती आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

"तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"तिसरा हिस्सा. पगार नको. पगार नोकराला देतात, आणि काम संपलं की बंद करतात. हिस्सेदार काम संपल्यावरही हिस्सेदारच राहतो." हे वाक्य तिने बऱ्याचदा म्हणून पाहिलेलं असावं, कारण ते एका दमात आलं.

"माझ्या अर्ध्यातला जायचा तेवढा जाऊ दे," काकू म्हणाल्या.

मास्तरचा चेहरा उतरला. तो अप्पलपोटा नव्हता, पण साधूही नव्हता. "आई, म्हणजे पुढे माझ्या वाट्याला..."

"कमी येईल. उंदीर विकून भरून काढ."

लेक खोक्यावरून उठली. तेलकट हातांनी तिने लेथचं अंदाजपत्रक कात्रीखालून ओढून घेतलं, नीट घडी केली आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. त्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. "माझं एक वर्ष थांबेल, बाबा. डगडगत का होईना, चालतंय. नाहीतरी काय कातायचं ते मला आत्याच सांगते. ते फोटो यायला लागले तर कुठला भाग किती जणांना हवाय ते तरी कळेल. आत्ता मी अंदाजाने कातते आणि तू," ती आत्याकडे वळली, "तू वर्षभर ते खणात सांभाळतेस."

आता दादांच्या बाजूला कुणीच उरलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे तेही नव्हते. बाडाची पानं त्यांनी काउंटरवर ठोकून सरळ केली.

"करू या," ते म्हणाले. "वकिलाकडे पुढच्या आठवड्यात जाऊ. मग तिला कळवू, काम सुरू कर म्हणून."

"तिला आजच कळवतो ना," मास्तर म्हणाला. "तिला पहिल्या पानासाठी पाटीचा फोटो हवाच होता. आत्ता काढून पाठवतो."

"पाटीचा फोटो इतक्यात नको काढूस," आत्या म्हणाली.

"का?"

सीटवाल्यासाठी ओढलेला एक खण किंचित उघडा राहिला होता, तो आत्याने मागे वळून बोटाने आत ढकलला.

दादा उठले. गुडघ्यावर हात ठेवून ते शटरखालून वाकून रस्त्यावर गेले. आतून सगळ्यांना त्यांचे नुसते पाय दिसत होते, चपला आणि पॅन्टच्या कडा. ते पाय बराच वेळ एका जागी उभे राहिले. वर पाटीवर अप्पांचं नाव होतं आणि त्यापुढे, पन्नास वर्षांच्या उन्हाने फिकट झालेल्या अक्षरांत, 'अँड सन्स'. दादा त्या पाटीखालून रोज दोनदा जात होते.

ते परत आत आले आणि धापा टाकत गल्ल्यामागे बसले.

"पाटी रंगवायला काय घेतात हल्ली?" त्यांनी विचारलं.

मास्तरने लगेच फोन काढला. "तीन-चार ठिकाणी विचारतो. जो स्वस्त असेल..."

"एकाच ठिकाणी विचार," आत्या म्हणाली. "पण चांगल्या."